राष्ट्रहित आणि बाल्कनीचं दार

अमेरिकेत पार्सिपनीच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये धुराचा गजर शेगडीपासून साडेसात फुटांवर होता. हे अंतर मी स्वतः टेपने मोजलेलं आहे, म्हणून खात्रीने लिहिते. साडेसात फूट म्हणजे फोडणीला फारच कमी. साधं वरण असेल तर गजर गप्प राही, पण मोहरी-मिरची तडतडली की त्याचा जीव कासावीस व्हायचा आणि भजी काढली तर तो दोन मजल्यांना ऐकू जाईल असा केकाटायचा. त्यामुळे घरात नियम होता की तळण सुरू करण्याआधी बाल्कनीचं सरकतं दार पूर्ण उघडायचं, मग बाहेर बर्फ का असेना. अडचण एवढीच होती की तळण बहुतेक शनिवारी असे, शनिवारी जोगळेकर काका आणि शुभाकाकू येत, काका आले की राजकारण निघे, आणि राजकारण निघालं की बाबा उठून ते दार बंद करत. मग पाच-सात मिनिटांत गजर. मग आई हातातला झारा तसाच घेऊन येई आणि दार उघडी. काका पुन्हा इराकवर आले की बाबा पुन्हा उठत. एका शनिवारी मी मोजलं, दार एकूण सहा वेळा उघडलं आणि सहा वेळा बंद झालं, आणि मधल्या काळात पन्नासेक कांदाभजी संपली.

बाबा दार का बंद करत हे मला नीट कळायला वेळ लागला. आम्ही नागपूरहून आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आल्याला वर्षही झालं नव्हतं तोच न्यूयॉर्कचे टॉवर पडले. त्या आठवड्यात बाबांनी आमच्या निळ्या गाडीच्या काचेला एक छोटा अमेरिकन झेंडा लावला आणि घरात सांगितलं की आता बाहेर मराठीत मोठ्याने बोलायचं नाही. आम्हाला कोणी काही बोललं नव्हतं, हेही इथे नोंदवायला हवं. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी तर त्याच आठवड्यात आईला केक आणून दिला होता. पण बाबांची ग्रीन कार्डची फाइल कुठल्यातरी सरकारी कपाटात पडून होती आणि त्यांच्या मनात ते कपाट आमच्या बाल्कनीखालीच होतं. "आपण पाहुणे आहोत," ते म्हणायचे. "पाहुण्याने यजमानाच्या घरच्या भांडणात मत देऊ नये. फाइल हलेपर्यंत तर नाहीच नाही."

बाबा एका फोन कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासायचे. लिहिणारा दुसरा, चूक शोधणारे बाबा. त्यांच्या कामाचा, म्हणजे 'टेस्ट केस'चा, एक तक्ता असे, चार रकान्यांचा: क्रमांक, काय व्हायला हवं, प्रत्यक्षात काय झालं, पास की फेल. ही सवय घरीही आली होती. दुधाच्या तीन ब्रँडचा चहा करून त्यांनी तक्ता मांडला होता. माझ्या शाळेच्या बसचे दोन स्टॉप तक्त्यात पडताळले होते. आईला ह्याची चेष्टा करायला आवडे. ती नागपूरला नऊ वर्षं शाळेत गणित शिकवत होती आणि इथे तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. त्यामुळे तिचं सगळं गणित माझ्या वाट्याला आलं. मी आज विमा कंपनीत आकडेमोड करून घर चालवते, त्याचं श्रेय ह्या दोघांत किती टक्के वाटावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शनिवारचे वाद मात्र फार रंगत. जोगळेकर काका पुण्याचे, केमिकल इंजिनिअर, आणि त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट आधीच ठाऊक असे. त्यांचं म्हणणं एकच: "देशाला मित्र नसतो. देशाला हित असतं. अमेरिकेने फक्त स्वतःचं बघावं, बाकी सगळं भाषणापुरतं." शुभाकाकू मुंबईच्या, त्यांना हे मुळीच पटत नसे. "म्हणजे शेजारच्या घरात कोणी बायकोला मारत असेल तर तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवणार का? ज्याच्या हातात ताकद आहे त्याने मध्ये पडायलाच हवं." त्यावर काका, "आणि मध्ये पडून त्याच्याच घराची भिंत पाडली तर?" मग आई स्वयंपाकघरातून, "वरच्या बाईंच्या बाथरूममधून आपल्या छताला पाणी झिरपतंय, ते आधी बघा कोणीतरी. मग जग." काकूंनी म्हणावं की ताई, हा विषय नाही, आणि आईने म्हणावं की हाच विषय आहे. बाबा ह्यात कधीच नसत. ते भजी खात, दार बंद करत, आणि कोणी अगदी खोदून विचारलं तर म्हणत, "मला त्यातलं काही समजत नाही बापा." तीन-साडेतीन वर्षांच्या शनिवारांत बाबांचं मत मी एकदाही ऐकलं नव्हतं.

हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षी मी वादविवादाच्या क्लबात गेले. खरं सांगायचं तर जोगळेकर काकांना एकदा तरी हरवायचं, एवढाच माझा उद्देश होता. क्लब चालवणाऱ्या मिसेस डोनेली उंच, चष्मा डोक्यावर विसरणाऱ्या आणि कायम घाईत असलेल्या बाई होत्या. जिल्ह्याच्या स्पर्धेचा विषय त्यांनी फळ्यावर लिहिला: परराष्ट्र धोरणात अमेरिकेने राष्ट्रहिताला नैतिक कर्तव्याच्या वर ठेवावे. मला हसूच आलं. हा तर आमचा शनिवार होता! मी घरी जाऊन कार्डांवर मुद्दे लिहायला बसले. तेवीस कार्डं झाली. आई म्हणते अठरा, पण लिहिली मी होती.

पालकांच्या सहीचा कागद बाबांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला. "ह्यात लिहिलंय, स्पर्धक दोन्ही बाजूंनी बोलेल. म्हणजे?"

"चार फेऱ्या असतात बाबा. दोन ह्या बाजूने, दोन त्या. आपल्याला निवडता येत नाही."

"म्हणजे दोन फेऱ्या तू सरकारच्या विरोधात बोलणार. सगळ्यांसमोर. नाव लिहून."

त्या शनिवारी बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा जोगळेकर काकांचा सल्ला मागितला: ह्या दोनपैकी सरकारची बाजू कुठली? काकांना एवढा आनंद झाला की त्यांनी भजी खाली ठेवली. बाबांनी तक्ता आखला. सरकार म्हणतं, आपण इराकमध्ये देशाच्या सुरक्षेसाठी गेलो, म्हणजे राष्ट्रहित, पास. "पण सरकार हेही म्हणतंय की तिथल्या लोकांना स्वातंत्र्य द्यायला गेलो," काकू म्हणाल्या. "म्हणजे कर्तव्य." तेही पास. बाबा पेन्सिल धरून बसले. काका टाळी देत म्हणाले, "अरे सुधीर, म्हणजे तुझी पोरगी कुठल्याही बाजूने बोलली तरी सरकारच्या बाजूनेच बोलते, आणि कुठल्याही बाजूने बोलली तरी विरोधातच! काय करतोस आता, यार?"

"टेस्ट केसच चुकीची लिहिली आहे कोणीतरी," बाबा म्हणाले. मग थोडा विचार करून त्यांनी निर्णय दिला की राष्ट्रहिताची बाजू त्यातल्या त्यात सुरक्षित. राष्ट्रहित वर ठेवा म्हटल्याबद्दल कुठल्याही देशाने कोणाला परत पाठवल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. दुसऱ्या बाजूने मी बोलायचं नाही. आणि दोन्ही बाजूंनी बोलणार नसेन तर नियमाप्रमाणे स्पर्धेत जाता येत नव्हतं. कागद बिनसहीचा राहिला. मी त्या दिवशी न जेवता झोपले. असं मी वर्षातून एखाद्याच वेळी करत असे.

प्रश्न सोडवला तो परीक्षकांच्या टंचाईने. तिथल्या स्पर्धांत परीक्षक म्हणजे बहुतेक कोणाचे तरी आईवडील असतात, आणि प्रत्येक शाळेला चार मुलांमागे एक असा परीक्षक आणावाच लागतो. आमच्या शाळेची मुलं पाच होती आणि परीक्षक एक. पाचवी, म्हणजे सगळ्यात नवी, मी. मिसेस डोनेलींनी घरी फोन केला. मी कागदाबद्दल त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. बाबांनी फोन घेतला आणि "यस मॅडम, नो मॅडम" करत बराच वेळ ऐकलं. बाईंनी त्यांना सांगितलं की परीक्षकाला परराष्ट्र धोरणाचं ज्ञान असण्याची अजिबात गरज नाही, फक्त कोणी काय म्हटलं आणि त्याला उत्तर मिळालं की नाही हे नीट लिहून ठेवणारा माणूस हवा. बाबांचा चेहरा बदलत गेला. हे त्यांच्याच कामाचं वर्णन होतं.

फोन ठेवून त्यांनी तोड काढली. ते परीक्षक म्हणून येतील आणि परिस्थिती बघतील. पहिल्या दोन फेऱ्या मी राष्ट्रहिताच्या बाजूने बोलणार, असं वेळापत्रकावरून बाईंनी सांगितलंच होतं. तिसऱ्या फेरीत मला विश्रांती होती, कारण एकूण स्पर्धक एकतीस, जोड्या लावल्यावर एक उरतो आणि त्याला न बोलताच विजय मिळतो, त्याला 'बाय' म्हणतात. राहिली चौथी फेरी, उलट बाजूची. "तेव्हा तू बाईंना सांग, डोकं दुखतंय."

आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं. "अहो, पंधरा वर्षांत तुम्ही तिला एकदाही खोटं बोलायला शिकवलं नव्हतं."

बाबांनी खिशातलं पेन काढलं. त्यांनी सही केली.

स्पर्धा शेजारच्या गावातल्या एका हायस्कूलमध्ये होती. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. बाबांनी लग्नातला कोट घातला होता आणि बगलेत तक्त्याच्या चाळीस छापील प्रती. पहिली फेरी मी हरले, कारण मी अतिशय भरभर बोलले आणि मी कुठल्या देशाबद्दल बोलतेय हेही परीक्षक बाईंना कळलं नसावं. दुसरी जिंकले, जोगळेकर काकांची वाक्यं जशीच्या तशी वापरून. तिसऱ्या फेरीला मला काम नव्हतं म्हणून मी बाबा परीक्षक असलेल्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले.

एक टाय लावलेला मुलगा राष्ट्रहिताच्या बाजूने होता आणि तो खरोखर चांगला बोलला. जो देश स्वतःला सांभाळत नाही तो दुसऱ्यालाही सांभाळू शकत नाही, सैनिकाचा जीव हा त्याच्या देशाने आधी स्वतःसाठी राखायला हवा, वगैरे. बाबा मान हलवत होते. हे त्यांना मनापासून पटत असावं. मग समोरची मुलगी उठली. उंच, लाल केसांची, आणि कोटावर निळा तारा असलेली छोटी पिन, म्हणजे घरातलं कोणीतरी लढाईवर आहे. ती म्हणाली, "ज्याला आपण राष्ट्रहित म्हणतो ते मोजतं कोण? ज्यांच्या घरातलं कोणीही तिकडे गेलेलं नाही ते. माझा भाऊ तिकडे आहे. मोजणी चुकली आहे, आणि आपल्या सरकारची ती चूक आहे हे म्हणायला मला लाज वाटत नाही."

बाबांची पेन्सिल थांबली. त्यांनी वर्गाच्या दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. आणि अगदी त्याच क्षणी, मी शपथेवर सांगते, दारात एक पोलीस येऊन उभा राहिला. शाळेचा पोलीस, भलामोठा माणूस. त्याने वर्गावर नजर फिरवली आणि म्हणाला, "निळी गाडी, काचेला झेंडा लावलेला. कोणाची आहे?"

बाबांचा हात आपोआप वर गेला. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"सर, दिवे चालू राहिलेत तुमचे. बॅटरी जाईल. तुम्ही बसा, मुलांचा खोळंबा नको. किल्ली द्या, मी बंद करून येतो."

मुलीने आपलं घड्याळ थांबवलं होतं. पोलिसाने किल्ली घेतली, तिला म्हणाला, "सॉरी, चालू दे," आणि तिने पुन्हा सरकारची चूक जिथे सोडली होती तिथून उचलली. चार मिनिटांनी पोलीस चवड्यांवर चालत आत आला आणि त्याने किल्ली बाबांच्या तक्त्यावर ठेवली. त्या वेळी ती मुलगी संरक्षणमंत्र्यांपर्यंत पोहोचली होती. पोलीस दोन वाक्यं ऐकत उभा राहिला, हलकीशी मान डोलावली आणि गेला. बाबा किल्लीकडे पाहत राहिले. मग ते पुन्हा लिहायला लागले, आणि मी मागून पाहिलं, त्यानंतर त्यांनी दाराकडे एकदाही बघितलं नाही.

फेरी संपल्यावर ते तेरा मिनिटं आकडे लावत बसले. मुलीचे अकरा मुद्दे, त्यांतल्या चारांना उत्तरच नव्हतं. मुलाचे नऊ, त्यांतला एकच बिनउत्तराचा. निकाल मुलीच्या बाजूने. मतपत्रिकेवर कारणाच्या जागेत त्यांनी लिहिलं की माझं मत ह्या मुलासारखं आहे, पण माझं मत ह्या खोलीत कोणी सिद्ध केलेलं नाही. ती मतपत्रिका पुढे मिसेस डोनेलींनी मागून घेतली आणि अनेक वर्षं आपल्या वर्गात लावून ठेवली होती.

बाहेर ती मुलगी हात मिळवायला आली. बाबांना राहवलं नाही. "हे तुझं खरं मत आहे?"

"आज सकाळी मी उलट बाजूने बोलले आणि जिंकले, सर."

"मग खरं कुठलं?"

"अजून ठरतंय," ती हसून म्हणाली. "भाऊ फोनवर माझ्याशी भांडतो. तो राष्ट्रहितवाला आहे. त्याला आजचं सांगितलं तर चिडेल. मजा येईल."

आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो. बाबांनी डबा उघडला, दोन दशम्या माझ्यापुढे ठेवल्या, चटणीत तेल घातलं, आणि मग डब्याकडेच बघत विचारलं, "चौथी फेरी कितीला?"

"दीड वाजता."

"डोकं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. "नाही दुखत."

"मग दोन्ही खा. रिकाम्या पोटी बोलू नये."

मी आजवर पुष्कळ चांगलं जेवले आहे. त्या दशम्यांच्या जवळपास काही गेलेलं नाही.

चौथ्या फेरीत बाबांना काम नव्हतं, ते मागच्या बाकावर येऊन बसले, तक्ता घेऊनच. माझी उलट्या बाजूची तयारी कमी होती, म्हणून मी आईचं छत वापरलं. वरच्या मजल्यावर पाणी गळत असेल तर ते माझं काम नाही असं म्हणता येतं, पण थोडेच दिवस, कारण छत एकच आहे. त्यांचं हित आणि आपलं हित वेगळं काढून दाखवा, असं मी म्हटलं, आणि भिंत पाडून गळती थांबत नाही, वर जाऊन दार वाजवावं लागतं. प्रतिस्पर्ध्याने उलटतपासणीत विचारलं की हा पुरावा कोणाचा. स्पर्धेत प्रत्येक पुराव्याचा धनी सांगावा लागतो, आणि खोटं बोलायचं नव्हतं.

"माझ्या आईचा," मी म्हटलं.

"त्यांची पात्रता?"

"ती खालच्या मजल्यावर राहते."

सगळा वर्ग हसला, परीक्षकही हसले. मी ती फेरी हरले. एकूण निकाल, बाय धरून दोन विजय, न धरता एक. परतताना गाडीत बाबा म्हणाले, "हरलीस ते बरोबर झालं. त्याच्या दोन मुद्द्यांना तू हातच लावला नाहीस." मग आमच्या पार्किंगमध्ये गाडी लावताना, "छताचा मुद्दा पास होता पण."

इथे जाता जाता एक नोंद करते. फाइल पुढे जवळजवळ पाच वर्षांनी हलली. मुलाखतीला अधिकाऱ्याने एकूण नऊ प्रश्न विचारले. परराष्ट्र धोरणावर शून्य. आईने नोकरी धरली ती त्यानंतर पाचव्या आठवड्यात, गणिताचीच. आता बाबा सत्तरीला आले आहेत आणि आमच्या गावच्या स्पर्धेत दर वर्षी परीक्षक असतात. माझ्या मुलीला ते परीक्षक म्हणून नको असतात, कारण ते कोणालाच तीसपैकी सत्तावीसच्या वर गुण देत नाहीत.

स्पर्धेनंतरच्या शनिवारी जोगळेकर काका आले तेच मुद्दा घेऊन. बाबांनी हात वर केला. "थांब. आजपासून नाणं उडवायचं. येईल ती बाजू. तीन मिनिटं." आणि त्यांनी आईचं अंडी उकडायचं घड्याळ टेबलावर ठेवलं. काकांना कर्तव्याची बाजू आली. "हा काय पोरखेळ आहे!" म्हणत ते उठले, पहिलं मिनिट अडखळले, दुसऱ्यात तापले, आणि तिसऱ्यात दुबळ्याच्या बाजूने असे काही बोलले की शुभाकाकू म्हणाल्या, "पंचवीस वर्षांत माझ्याशी एवढं गोड नाही बोललात कधी." काकू राष्ट्रहितावर बोलल्या आणि काकांपेक्षा कठोर निघाल्या. मग आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आणि तुम्ही? तुम्ही काय पंचच राहणार का जन्मभर?"

नाणं मी उडवलं. बाबांना आलेली बाजू अशी की सरकारचं चुकलं. काका खुर्चीत पुढे सरकले. आईने कढईत भज्यांचा दुसरा घाणा सोडला होता, निळसर धूर खोलीत यायला लागला होता. बाबा उठले आणि सवयीने बाल्कनीच्या दाराकडे गेले. आम्ही सगळे एकमेकांकडे पाहून हसू दाबत होतो. दार अर्धं उघडं होतं. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी किराणा उतरवत होतं, एक बाई कुत्र्याला हाका मारत होती. बाबांनी कडीला हात लावला, क्षणभर थांबले, मग दार शेवटपर्यंत सरकवलं, पार भिंतीला टेकेपर्यंत, आणि वळून मला म्हणाले, "मने, घड्याळ लाव."

तीन मिनिटं गजर वाजला नाही.